पशुवैद्याला विचारा : वयस्क कुत्र्याचे पोट आणि स्वादुपिंडाची गाठ

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत वयस्क कुत्र्यांच्या उलट्या, घटलेले वजन आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये लिहिलेला 'स्वादुपिंड' हा शब्द इतक्या वेळा आला, की या वेळचे सदर त्याच विषयासाठी राखून ठेवले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि वाचकांची नावे त्यांच्याच इच्छेने दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचा लॅब्राडॉर बंड्या अकरा वर्षांचा आहे. चार महिन्यांपासून तो आठवड्यातून दोन-तीनदा उलटी करतो, कधी पिवळे पाणी तर कधी न पचलेले अन्न. ॲसिडिटीच्या गोळ्यांनी सुरुवातीला बरे वाटले, पण वजन ३४ किलोवरून २९ वर आले. सोनोग्राफीत स्वादुपिंडाच्या डाव्या बाजूला २.३ सेंटिमीटरची गाठ दिसली आणि रक्तातील 'सीपीएल' ६२० आले. सोनोग्राफी करणाऱ्यांनी सांगितले, की कॅन्सरच दिसतो, आता धावपळ करण्यात अर्थ नाही. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात, की सूज असावी. आम्ही कोणाचे खरे मानायचे?
(एक वाचक, सहकारनगर)

उत्तर : दोघांनीही आपल्याला शक्यता सांगितली आहे. निदान अजून कोणीच केलेले नाही आणि आपण पाठवलेल्या कागदांवरून ते करताही येणार नाही.

स्वादुपिंड हा जठर आणि लहान आतड्याचा पहिला भाग यांना बिलगून बसलेला, लांबट, फिकट गुलाबी अवयव आहे. त्याची उजवी शाखा आतड्याच्या कडेने मागे जाते आणि डावी शाखा जठराच्या पाठीमागून प्लीहेच्या दिशेने जाते. निरोगी कुत्र्यात तो शेजारच्या चरबीत इतका मिसळलेला असतो, की सोनोग्राफीच्या पडद्यावर शोधूनच काढावा लागतो, आणि डावी शाखा तर जठरातील व मोठ्या आतड्यातील हवेच्या आड बहुधा लपलेलीच असते. अशा जागी दिसलेली २.३ सेंटिमीटरची काळसर सावली ही स्वादुपिंडाच्या पाचकरस तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग असू शकते; जुन्या सुजेमुळे घट्ट झालेला भाग असू शकतो; सुजेनंतर साचलेल्या द्रवाची किंवा पुवाची पिशवी असू शकते; किंवा वयोमानाने येणारी निरुपद्रवी गाठही असू शकते. माणसाच्या मानेवर उतारवयात चामखिळी दिसू लागतात, तशा म्हाताऱ्या कुत्र्यांच्या स्वादुपिंडात या शेवटच्या प्रकारच्या गाठी पुष्कळदा सापडतात. त्या सहसा लहान आणि एकाहून अधिक असतात. बंड्याची गाठ एकटी आणि तुलनेने मोठी आहे, त्यामुळे संशय घेणे योग्यच आहे. मात्र पडद्यावरच्या सावलीला स्वतःचे नाव सांगता येत नाही. स्वादुपिंडाचा कर्करोग कुत्र्यांच्या एकूण कर्करोगांत एक टक्काही नसतो आणि सूज मात्र आम्ही नित्य पाहतो, हेही तराजूत टाकले पाहिजे.

आता 'सीपीएल'विषयी. स्वादुपिंडाच्या पेशींमधील लायपेज हे विकर रक्तात किती झिरपले आहे, ते ही चाचणी मोजते. लिटरमागे २०० मायक्रोग्रॅमपर्यंतचा आकडा सर्वसामान्य मानतात, ४०० आणि त्यापुढचा आकडा स्वादुपिंडाच्या सुजेशी जुळतो, आणि मधला पट्टा संदिग्ध राहतो. बंड्याचे ६२० हे स्वादुपिंड दुखावले असल्याचे सांगते. ते कशाने दुखावले हे सांगत नाही. गाठ वाढताना भोवतालच्या भागाला सूज आणते, त्यामुळे कर्करोग असतानाही हा आकडा चढतो. म्हणून '६२० आले म्हणजे सूजच' हा निष्कर्षही घाईचा ठरतो. जुन्या पद्धतीच्या तपासणीतील अमायलेज आणि साधे लायपेज यांवर तर मी फारसा भरवसा ठेवत नाही, कारण मूत्रपिंडे थकलेल्या कुत्र्यातही ते वाढलेले दिसतात.

पुढे काय करावे, हे थोडे विस्ताराने लिहितो. चार महिने चालणारी उलटी आणि जवळजवळ पंधरा टक्के घटलेले वजन हे गोळ्या बदलत बसण्याचे प्रकरण राहिलेले नाही. रक्तपेशींची पूर्ण मोजणी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, साखर आणि लघवीची तपासणी एकदा एकत्र करून घ्यावी. यातील सोडियम-पोटॅशियम बिघडलेले असले, तर ॲडिसन हा मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींचा आजार डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. तो अधूनमधून उलट्या आणि अशक्तपणा असेच सोंग घेऊन येतो आणि औषधाने उत्तम आटोक्यात राहतो. घरात सांधेदुखीसाठी माणसांची आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी कोणी बंड्याला दिली आहे का, हे मोकळेपणाने सांगा. लंगडणाऱ्या लॅब्राडॉरला घरातील कोणीतरी मायेने अर्धी गोळी दिलेली असते, जठराला त्यामुळे व्रण पडतात आणि दवाखान्यात मात्र ही गोष्ट तिसऱ्या भेटीत बाहेर येते.

व्रणांवरून एक दुर्मिळ शक्यता सांगायला हवी. स्वादुपिंडातील गॅस्ट्रिनोमा ही गाठ गॅस्ट्रिन हे संप्रेरक भरमसाट सोडते, जठरात आम्लाचा पूर येतो आणि व्रण पडत राहतात. माणसांमध्ये या आजाराचे वर्णन झोलिंजर आणि एलिसन या शल्यविशारदांनी १९५५ मध्ये केले. कुत्र्यांत तो क्वचितच आढळतो. आम्लनाशक गोळीने काही दिवस बरे वाटणे आणि गोळी थांबवताच पुन्हा उलट्या होणे हा त्याचाही स्वभाव असल्याने आपल्या पत्रातील 'सुरुवातीला बरे वाटले' हे वाक्य मी दोनदा वाचले. परंतु ओमेप्राझोलसारख्या गोळ्या स्वतःच रक्तातील गॅस्ट्रिन वाढवतात, म्हणून ती चाचणी करायची झाल्यास गोळ्या आधी किती दिवस आणि कशा बंद ठेवायच्या, हे डॉक्टरांनी ठरवून द्यावे लागते. शी डांबरासारखी काळी होत असेल, तर गोळ्या परस्पर मुळीच थांबवू नका.

यानंतर दुसरी सोनोग्राफी, आणि ती रोज जनावरांचीच पोटे पाहणाऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावी. बारा तासांचा उपास हवा, पाणी चालेल. पोटावरचे केस बरगड्यांच्या शेवटच्या फासळीपर्यंत नीट काढू द्या. 'थोडेच काढा, वाईट दिसते' असे म्हणणारे मालक स्वतःच्याच पैशांचे नुकसान करतात. चांगला तपासनीस उजव्या कुशीपासून आतड्याची नळी पकडतो, तिच्या कडेने प्रोब हळूहळू सरकवत जातो आणि एखाद्या जागी कुत्रा कण्हला किंवा त्याचे पोट दगडासारखे ताठ झाले, तर तिथेच थांबून भोवतालची चरबी पाहतो. चरबी पांढरी, चकचकीत झालेली असली की ताज्या सुजेचा संशय बळावतो. रिपोर्टमध्ये केवळ गाठीचे माप पुरेसे नाही. यकृतावर ठिपके आहेत का, शेजारच्या लसिका ग्रंथी वाढल्या आहेत का, पित्तनलिका फुगली आहे का, पोटात पाणी आहे का, ही चार उत्तरे मागून घ्या. त्याच फेरीत छातीचे एक्स-रे उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि पाठीवर असे तीन बाजूंनी काढावेत, कारण कर्करोग असल्यास तो यकृत, लसिका ग्रंथी, पोटाचे आवरण आणि फुप्फुसे यांकडे लवकर पसरतो. बंड्या खातपीत असेल, तर सुजेचे उपचार नेटाने करून दोन-तीन आठवड्यांनी गाठ पुन्हा मोजणे हाही निदानाचाच भाग आहे. सूज ओसरते किंवा रूप बदलते, कर्करोग मात्र आपल्या जागी राहतो आणि बहुधा वाढतो.

नाव ठरते ते पेशी पाहिल्यावर. सोनोग्राफीच्या नजरेखाली बारीक सुई गाठीत नेऊन पेशी काढता येतात. ती आपण इंजेक्शनला वापरतो तशीच, २२ गेजची असते, आणि कुत्र्याला थोडी गुंगी पुरते. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' ही भीती बहुतेक घरांत असते, पण स्वादुपिंडाच्या बाबतीत ही तपासणी सहसा निर्धोक जाते. त्याआधी प्लेटलेट पाहाव्यात, कारण आपल्याकडे गोचीडतापाने त्या गुपचूप उतरलेल्या असतात. एक बारकावा वाचकांनाही ठाऊक असावा : या काचपट्ट्या हवेत वाळवून पाठवायच्या असतात आणि त्या फॉर्मेलिनच्या (मांसाचे तुकडे टिकवण्याच्या द्रावणाच्या) बाटलीसोबत एकाच पिशवीत गेल्या, तर नुसत्या वाफेने पेशींचे रंग बिघडतात. माझ्याकडे अशी एक पिशवी कुरिअरने परत आली होती, शेरा होता 'नमुना वाचण्यायोग्य नाही', आणि त्या कुत्र्याला पुन्हा टेबलावर घ्यावे लागले. सुईच्या रिपोर्टमध्ये कर्करोगाच्या पेशी निःसंशय दिसल्या, तर उत्तर मिळाले. केवळ सूज दिसली, तर मात्र सुई गाठीच्या कडेला लागली असण्याची शक्यता उरते. शिवाय दीर्घ सुजेतल्या पेशीही कधी कधी वेड्यावाकड्या दिसतात. अशा वेळी दुर्बिणीतून किंवा पोट उघडून तुकडा काढणे हाच शेवटचा निवाडा असतो. त्याआधी रंगद्रव्य देऊन केलेला सीटी स्कॅन गाठ काढण्याजोगी आहे का ते दाखवतो. आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवायचे असेल, तर कोणती तपासणी कोणत्या दिवशी होते हे फोनवर विचारून मगच कुत्र्याला उपाशी ठेवून गाडीत बसवा.

पसरलेला कर्करोग निघाला, तर उरलेला काळ बहुधा आठवड्यांत किंवा थोड्या महिन्यांत मोजावा लागतो, हे मी लपवत नाही. पण सूज निघाली, तर कमी चरबीच्या आहारावर बंड्या पुढेही बरीच वर्षे काढू शकतो. तपासणीआधीच 'अर्थ नाही' म्हणणे मला पटत नाही ते या फरकामुळे.

प्रश्न : आमची नऊ वर्षांची स्पिट्झ दिवाळीत आणि गटारीला हमखास आजारी पडते. सासरे तिला चकली, शेव आणि मटणाची चरबी प्रेमाने भरवतात. तीन वेळा सलाईन लावावे लागले. आता तिची शी मोठी, पिवळट आणि तेलकट होते, खाते भरपूर पण हाडे लागू लागली आहेत. वारंवार सूज आल्याने गाठ होते का? आणि ही गाठीची लक्षणे आहेत का?
(एक वाचिका, कोथरूड)

उत्तर : आपल्या वर्णनावरून गाठीपेक्षा वेगळाच संशय येतो. गाठ असलेल्या कुत्र्याची भूक सहसा मरते. आपली कुत्री 'खाते भरपूर पण वाळते'. स्वादुपिंडाच्या पेशी वारंवारच्या सुजेत जळत गेल्या, की पाचकरस पुरेनासा होतो, अन्नातील चरबी न पचता बाहेर पडते आणि शीला तो तेलकट तवंग आणि आंबूस वास येतो. जर्मन शेफर्डमध्ये हा आजार तरुणपणीच, पेशी आपोआप झिजून होतो. इतर जातींच्या उतारवयातील कुत्र्यांत तो बरेचदा जुन्या सुजेची परिणती म्हणून येतो.

त्याची तपासणी स्वादुपिंडातून रक्तात येणारे पाचक विकर मोजणाऱ्या 'टीएलआय' या रक्तचाचणीने होते. रात्रभर उपाशी ठेवून सकाळी रक्त घ्यायचे. आकडा लिटरमागे २.५ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल, तर निदान जवळपास पक्के समजा. मात्र सूज भडकलेली असताना हा आकडा तात्पुरता वर ढकलला जातो आणि फसवतो, म्हणून आजारपणाच्या ऐन दिवसांत ही चाचणी करू नये. त्याच रक्तात ब-१२ जीवनसत्त्व पाहून घ्या. ते कमी असेल, तर पाचक विकरांची पूड देऊनही वजन हलत नाही आणि घरातले लोक औषधाला नावे ठेवतात.

वारंवारच्या सुजेतून कुत्र्यांना कर्करोग होतो असे ठामपणे म्हणता येत नाही. तरीही एक सोनोग्राफी अवश्य करा, कारण नलिकेच्या तोंडाशी बसलेली गाठही क्वचित पाचकरसाची वाट अडवून हेच चित्र उभे करते. उपाशीपोटी रक्तातील ट्रायग्लिसराइड्सही मोजा. काही कुत्र्यांच्या रक्तात ही चरबी मुळातच जास्त असते आणि मग एक चकलीसुद्धा पुरेशी होते.

मामंजींना बोलण्याचे काम सुनेवर येऊ नये. त्यांना एकदा दवाखान्यात सोबत घेऊन या आणि सलाईन लावलेली कुत्री पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग वर धरून साष्टांगाच्या अर्ध्यावर थांबल्यासारखी कशी उभी राहते, ते त्यांच्या नजरेला पडू द्या. ती पोटातल्या कळेची खूण आहे. भरवायचेच असेल, तर उकडलेल्या कोंबडीचा चरबी काढलेला तुकडा किंवा लाल भोपळ्याची फोड त्यांच्या हातात द्यावी. भरवण्याचा आनंद काढून घ्यायचा नाही, जिन्नस बदलायचा आहे.

प्रश्न : आमचा बॉक्सर दहा वर्षांचा आहे. सकाळी फिरताना त्याचे मागचे पाय लटपटतात, गेल्या महिन्यात एकदा फिटही आली. रक्तातील साखर ४८ आली आणि डॉक्टरांनी स्वादुपिंडाच्या गाठीची शंका सांगितली. सोनोग्राफी मात्र स्वच्छ आहे. उलटी नाही, जुलाब नाहीत, पोट दुखत नाही, मग स्वादुपिंडाचा संबंध कसा?
(एक वाचक, औंध)

उत्तर : स्वादुपिंड दोन संसार चालवते. मोठा भाग पाचकरसाचा असतो, आणि त्यात विखुरलेली बारीक बेटे इन्सुलिनसारखी संप्रेरके बनवतात. स्वादुपिंडाचा साखरेशी संबंध जगाला कळला तोच मुळी कुत्र्यामुळे : १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढल्यावर त्याला मधुमेह झाला, आणि १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाच्या अर्काने कुत्र्यांची साखर उतरवून दाखवली. आपल्या बॉक्सरच्या बाबतीत शंका आहे ती मधुमेहाच्या नेमक्या विरुद्ध आजाराची, म्हणजे इन्सुलिन अखंड ओतणाऱ्या इन्सुलिनोमा या गाठीची. पोटाची तक्रार नसणे हेच तिचे वैशिष्ट्य होय. ती वयस्क कुत्र्यांत येते आणि बॉक्सर, लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर अशा जातींत अधिक दिसते.

आधी त्या ४८ ची जात तपासू. रक्त नळीत तसेच राहिले, तर त्यातील तांबड्या पेशी साखर खात राहतात आणि तासागणिक आकडा घसरतो. मे महिन्याच्या दुपारी डबीतली नळी घेऊन एखादा मुलगा दुचाकीवर शहरभर चार दवाखाने फिरून प्रयोगशाळेत पोहोचला, तर निरोगी कुत्र्याची साखरही आजारी दिसेल. म्हणून फ्लोराइडची करड्या टोपणाची नळी वापरली होती का, किंवा रक्तातील द्रव भाग लगेच वेगळा केला होता का, हे विचारा. माणसांच्या घरगुती ग्लुकोमीटरवर मोजले असेल, तर तो कुत्र्यांत बहुधा खऱ्यापेक्षा कमीच आकडा दाखवतो.

योग्य रीतीने घेतलेल्या नमुन्यातही साखर ६० च्या खाली आली, तर त्याच नमुन्यातून इन्सुलिन मोजतात. साखर इतकी उतरल्यावर निरोगी शरीर इन्सुलिनचा नळ बंद करते. तो चालूच असेल, म्हणजे इन्सुलिन 'नॉर्मल' छापून आले तरी, या प्रसंगी ते नॉर्मल धरायचे नाही. रिपोर्टवर ठळक अक्षरांत इशारा नसल्यामुळे ही गोष्ट अनेकदा नजरेतून सुटते. यासाठी दवाखान्यात उपाशी ठेवून दर तासाला साखर पाहावी लागते. हा उपास घरी करून पाहू नका, फिट येईल. यकृताचे गंभीर आजार, ॲडिसन आणि रक्तातील जंतुसंसर्ग यांतही साखर घसरते, ते आधी वगळावेत.

सोनोग्राफी स्वच्छ असण्याचे मला नवल वाटत नाही. ही गाठ अनेकदा वाटाण्याएवढी असते आणि सोनोग्राफीतून सर्रास निसटते. सीटी स्कॅन तिला अधिक चांगले पकडतो. बहुतेक इन्सुलिनोमा हे घातक प्रकारचेच असतात, परंतु पाचकरसाच्या पेशींच्या कर्करोगाहून त्यांची चाल मंद असते. शस्त्रक्रियेने गाठ काढलेली कुत्री एक वर्षाहून अधिक काळ चांगली जगलेली आढळतात आणि शस्त्रक्रिया शक्य नसेल, तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि थोडे थोडे वारंवार खाणे यांवरही काही महिने बरे जातात.

तोवर दिवसातून चार ते सहा वेळा खायला द्या, फेरी दहा मिनिटांची ठेवा, चेंडूचा खेळ बंद. पाय लटपटले, तर हिरड्यांना मध चोळा आणि शुद्धीवर येताच लगेच नेहमीचे अन्न द्या, कारण नुसती साखर दिली, की गाठ आणखी इन्सुलिन सोडते. फिट चालू असताना तोंडात बोटे घालू नका.

प्रश्न : माणसांत स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी 'सीए १९-९' ही रक्ताची चाचणी करतात. आमच्या कुत्रीसाठी ती नेहमीच्या लॅबमध्ये करून घेऊ का? सुई वगैरे टळेल.
(एक वाचक, हडपसर)

उत्तर : करू नका. ही चाचणी माणसाच्या रक्तासाठी तयार केलेली आहे. माणसातही ती निदानासाठी एकटी पुरेशी मानत नाहीत आणि कुत्र्याच्या स्वादुपिंडासाठी असा भरवशाचा कोणताही मार्कर आज रोजच्या वापरात नाही. आकडा कमी आला म्हणून आपण निर्धास्त व्हाल आणि तेच जास्त धोक्याचे आहे. तो पैसा चांगल्या सोनोग्राफीवर खर्च करा.

प्रश्न : आमचा गावठी कुत्रा मोती तेरा वर्षांचा आहे. आठ दिवसांपासून अन्न सोडले, डोळे आणि हिरड्या पिवळ्या झाल्या, पोट थोडे फुगले. सोनोग्राफीत 'स्वादुपिंडाजवळ गाठीसारखा भाग, पित्तनलिका फुगलेली, पोटात थोडे पाणी' असे लिहिले आहे. आई म्हणते, म्हाताऱ्या जिवाला सुया टोचू नका, त्याला घरीच राहू दे. भावाला मुंबईला नेऊन सगळ्या तपासण्या करायच्या आहेत. आम्ही काय करावे?
(एक वाचिका, सिंहगड रस्ता)

उत्तर : हे पत्र छापून येईपर्यंत उशीर होईल म्हणून आपल्याला फोनवर बोललोच आहे. इतरांना उपयोग व्हावा म्हणून येथे लिहितो.

पिवळेपणा दिसला, की घरात लगेच शेवटचीच भाषा सुरू होते. स्वादुपिंडाच्या डोक्याशी बसलेली गाठ पित्तनलिका दाबते आणि कावीळ होते हे खरे, पण त्याच जागची नुसती सूजही नलिका दाबते आणि सूज उतरल्यावर ती काही दिवसांत आपोआप मोकळी होऊ शकते. पित्ताशयात घट्ट चिकट साका भरून ते फुटण्याच्या बेतात असले, तरी कुत्रा पिवळा पडतो आणि त्यावर शस्त्रक्रिया असते. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस आणि वर्षभर गोचिडांपासून होणारा बबेसिया हेही पिवळे करतात. मोती वस्तीत मोकळा फिरणारा असल्याने हे दोन्ही आधी तपासायला हवेत, आणि त्यासाठी पायातून घेतलेले थोडे रक्त आणि त्याची एक पातळ काचपट्टी यांनी सुरुवात होते.

आईचे म्हणणे आणि भावाचे म्हणणे यांच्यामध्ये एक जागा आहे, ती आपल्या रिपोर्टमधील 'पोटात थोडे पाणी' या तीन शब्दांत आहे. स्वादुपिंडात सुई नेण्याऐवजी ते पाणी बारीक सुईने काढता येते. कूस वळवून झोपवायचे, बेंबीच्या आसपासची चार बोटे जागा स्वच्छ करायची, सोनोग्राफीवर पाण्याचा कप्पा पाहून सुई टोचायची. दोन-तीन मिनिटांचे काम, भूल लागत नाही, आणि मोतीसारखा शांत कुत्रा त्यात कानही हलवत नाही. त्या पाण्यातील पेशींत कर्करोग उघड दिसला, तर पुढच्या प्रवासाची गरजच उरत नाही आणि आईचे ऐकायला भावालाही हरकत राहणार नाही. पाण्यातील बिलिरुबिन रक्तातल्यापेक्षा दुपटीहून जास्त निघाले, तर पित्त गळते आहे असे समजून तातडीने शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. पेशी निर्दोष निघाल्या, तर मात्र कर्करोग नाही असे ठरत नाही. मग सलाईन, वेदनाशामक आणि उलटी थांबवणारे मॅरोपिटंट यांवर तीन-चार दिवस ठेवून पिवळेपणा उतरतो का, हे पाहावे.

मी कोणतीही तपासणी लिहिण्यापूर्वी मालकांना विचारतो, की उत्तर 'हो' आले तर तुम्ही काय कराल आणि 'नाही' आले तर काय कराल. दोन्ही वेळी एकच कृती होणार असेल, तर ती तपासणी आम्हीही आग्रहाने करत नाही. तेराव्या वर्षी स्वादुपिंडाचा मोठा भाग काढण्याची शस्त्रक्रिया करायची नाही असे घरात ठरले असेल, तर सीटी स्कॅनला मुंबईला नेण्याचे कारण नाही. पाण्याची तपासणी मात्र उपचाराची दिशा बदलते, म्हणून ती करा, असे मी आईंना सुचवले.

घरी ठेवायचे झाले, तरी त्याला उपाशी आणि वेदनेत ठेवायचे नाही. कोमट, पातळ भातात उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग कालवून हाताने द्या, जबरदस्तीने भरवू नका. वेदनाशामक डॉक्टरांनी सांगितलेलेच द्या, माणसांच्या पेटीतले नको. रोज सकाळी पोटाचा घेर त्याच जागी टेपने मोजून लिहून ठेवा, हिरड्यांचा रंग खिडकीच्या उजेडात पाहा, आणि उठताना तो कण्हू लागला, पाणीही उलटले किंवा दिवसभर लघवी झाली नाही, तर औंधच्या शासकीय पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा जवळच्या दवाखान्यात त्याच दिवशी न्या. सोबत सोनोग्राफीची मूळ चित्रे असू द्या, नुसता छापील निष्कर्ष नको.